माझ्या मानेनं दिलेला होकार

माझ्या आजाराचं खरं नाव मला चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर माहेरी त्याला आळस म्हणत, सासरी आधी अशक्तपणा म्हणत आणि नंतर देवी म्हणायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं ते नाव नार्कोलेप्सी. आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते अजून उच्चारता येत नाही. त्या ‘तुझं ते झोपंचं’ म्हणतात, आणि तेच मला बरं वाटतं.

एखाद्या घरात कुणी भाकरी थापता थापता पेंगत असेल, हसता हसता खाली बसत असेल, तर त्या घरच्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मी आता बरी आहे. पण बरं व्हायला जो उशीर झाला त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते लिहिल्याशिवाय माझ्या आजाराची हकीकत खरी होणार नाही.

झोपाळू

सुरुवात सेलूला शाळेत असताना झाली. नववीत इतिहासाच्या तासाला झोपणारी मी एकटीच नव्हते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण बाकीच्या मुली घंटा झाली की जाग्या व्हायच्या. मी भूगोलातही झोपायचे, खेळाच्या तासाला उभ्या उभ्याही झोपायचे. आणि रात्री म्हणाल तर धड झोप नाही. डोळा लागता लागता खोलीत कुणीतरी उभं दिसायचं, ओरडावं तर तोंड उघडायचं नाही. घरी सांगितलं तर आई म्हणायची, “दिवसभर लोळतीस, मंग रातच्याला झोप कशी येईन?” तिचं गणित बरोबर होतं, फक्त उलटं होतं.

तशीच ढकलत डी.एड. झाले आणि सेलूजवळच्या एका गावात लग्न होऊन आले. तिथल्याच संस्थेच्या शाळेत नोकरी लागली. घर शेतीचं. आत्या, मोठे दीर, थोरल्या जाऊबाई (त्यांना आम्ही अक्का म्हणतो), त्यांची मुलगी शिवकन्या, आणि आम्ही दोघं. ह्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय आणि कुणाचीही नक्कल करायची हौस, त्यामुळे गावात ह्यांच्या गिरणीवर दळण नसलं तरी माणसं बसलेली असतात.

माझा खरा आजार ह्यांनीच उघड केला म्हणायला हरकत नाही. लग्नानंतर काही महिन्यांनी माझ्या वडिलांची, जावयाला चहा देतानाची नक्कल ह्यांनी मला गिरणीत करून दाखवली. मी हसले आणि हसता हसता गुडघे गेले. पिठाच्या डब्याशेजारी फतकल मारून बसले. ह्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग असं वारंवार व्हायला लागलं. मनापासून हसू आलं की मान लटकी पडायची, जबडा सैल व्हायचा, गुडघ्यात जोर राहायचा नाही. शुद्ध मात्र अजिबात जात नसे. सगळं ऐकू यायचं, सगळं दिसायचं. बोलता येत नव्हतं इतकंच. थोड्या वेळानं आपोआप सगळं जागेवर यायचं.

ही फिट आहे असं घरी ठरलं. नाकाला कांदा लावणं आलं, चप्पल हुंगवणं आलं. पुढे पुढे कुणाची चप्पल आहे हे मला वासावरून ओळखू यायला लागलं. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी फिटच्या दिल्या. फिटच्या गोळ्यांनी मी आणखीच झोपाळले. पडल्यावर तुम्हाला ऐकू येतं का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आणि सांगायचं मला सुचलं नाही, कारण सगळ्यांनाच असं होत असेल असं मला वाटायचं.

अष्टमीची दुपार

मी बत्तीस वर्षांची असतानाच्या नवरात्रात आमच्याकडे घट बसले होते. अष्टमीला दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. गाणी म्हणून झाली, साखर-खोबरं वाटायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या गयाबाईंनी सरपंचांची नक्कल सुरू केली. रेंज मिळत नाही म्हणून मोबाइल कानाला लावून सरपंच घराच्या धाब्यावर कसे चढतात, पाण्याच्या टाकीवर कसे चढतात, आणि वरून ‘हॅलो, मी खाली येऊन बोलतो’ असं कसं म्हणतात. माझं हसू फुटलं आणि मी घटासमोरच कोसळले. केसांचा अंबाडा सुटला.

आत्या हळूच म्हणाल्या, “आली वं माय.”

मला कळेना, कोण आली. मग कुणीतरी माझ्या कपाळाला मळवट भरला, कुणीतरी समोर उदबत्ती धरली, तेव्हा कळलं. मला उठवून भिंतीला टेकवून बसवलं. मान थोडी उचलली जायची, परत छातीवर पडायची. बायका हात जोडून बसल्या. पहिला प्रश्न गयाबाईंचाच.

“आई, मही म्हैस औंदा तरी गाभन ऱ्हाईन का?”

आता ह्यावर हसू येणार नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. आतल्या आत नवं हसू आलं आणि मान पुन्हा खाली गेली. बायकांनी तो होकार धरला. पुढे ती म्हैस खरंच गाभण राहिली, हे माझं दुर्दैव.

मग अक्का पुढे आल्या. डोक्यावरून पदर घेतला, माझ्यासमोर गुडघे टेकले. शिवकन्या दाराशी प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. अठरा वर्षांची पोर. बारावी सायन्सला तिनं चांगले मार्क पाडले होते. तिला परभणीला राहून शेतीची पदवी घ्यायची होती. तिचा गणिताचा अभ्यास मी घेतलेला. घेता घेता मी झोपायचे आणि ती माझ्या अंगावर चादर टाकून पुढची गणितं स्वतःच सोडवायची.

अक्का म्हणाल्या, “आई, शिवकन्येला मानवतचं स्थळ आलंय. घरदार चांगलं हाय. देऊ का पोरीला?”

मला नाही म्हणायचं होतं. इतक्या जोरात म्हणायचं होतं की हसू कुठल्या कुठे गेलं आणि त्या जागी भीती आली. भीतीनंही तेच होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सगळा जीव मानेत आणून मी ती उचलली, शिवकन्येकडे बघितलं, जीभ हलवायला गेले. आणि मान धपकन खाली पडली.

“दिली,” मागून कुणीतरी म्हणालं.

अक्कांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि त्या रडल्या. भक्तीनं रडताहेत असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

ऐकून घ्यायला कुणी नाही

बोलता आल्याबरोबर मी पहिलं वाक्य तेच म्हणाले. “अक्का, मी हो म्हटलं नाही. मान आपोआप पडली.”

आत्या म्हणाल्या, “तू कुठं म्हनलीस? म्हनली ती आई. तुला काय ठावं?”

“आत्या, मला सगळं ऐकू येत होतं. गयाबाईंनी म्हशीचं विचारलं, अक्कांनी स्थळाचं विचारलं.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि माझ्या पाया पडायला आणखी दोघी पुढे आल्या. जिच्या अंगात येतं त्या बाईला नंतर काही आठवत नसतं. हिला सगळं आठवतंय म्हणजे हिची देवी भारीच, असा त्याचा अर्थ झाला.

आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर फारसं बोलत नाहीत. तरी पदर सावरून मी भाऊजींना गाठलं. म्हटलं, “पोरगी हुशार आहे. वर्षभर तरी थांबा. मी शिक्षिका म्हणून सांगते.”

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमी तुमचंच आयकायलाव की. देवीच्या तोंडानं व्हय म्हनल्या, आता मानसाच्या तोंडानं कामून फिरवायल्या?”

ह्यांनीही भावाशी बोलून पाहिलं. आयुष्यभर नकला केलेल्या माणसाचं गंभीर बोलणं कुणी गंभीरपणे घेत नाही. तुळशीचं लग्न लागल्यावर पहिल्याच तिथीला शिवकन्येचं लग्न झालं. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, व्यसन नाही, मारहाण नाही. पण चांगला नवरा मिळाला म्हणून जे गेलं ते गेलं नाही असं होत नाही.

त्यानंतर मंगळवारी, शुक्रवारी बायका दाराशी यायला लागल्या. कुणाचं मूल होत नव्हतं, कुणाचा मुलगा पुण्याला जाऊन फोन उचलत नव्हता. मी त्यांना चहा द्यायचे आणि हसू येणार नाही असं तोंड करून बसायचे. हळूहळू मी हसणंच सोडलं. ह्यांनी घरात नकला बंद केल्या. मी गिरणीकडे आले की हे दळण मोजायला लागायचे. एकमेकांना हसवून ज्यांचा संसार सुरू झाला होता ती दोन माणसं एका ताटाशी बसून पावसाबद्दल बोलायला लागली. आजारपणात माझं सगळ्यात जास्त काय गेलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते.

“पडल्यावर ऐकू येतं?”

पुन्हा डॉक्टरकडे नेलं ते शाळेमुळे. फळ्यावर लिहिता लिहिता मी झोपले आणि खडूची रेघ अक्षरातून निघून फळ्याच्या खालच्या चौकटीपर्यंत गेली. तिसरीची पोरं. मॅडमची झोप मोडू नये म्हणून एकमेकांना गप्प करत बसलेली. ती शांतता ऐकूनच तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरले. तिसरीचा वर्ग शांत आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे त्यांना कळलं असणार. मुख्याध्यापकांनी सभ्यपणे सांगितलं, इलाज करून या, नाहीतर माझाही नाइलाज आहे.

परभणीला एक नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या, मेंदूच्या. वयानं माझ्याहून लहान. त्यांनी आधी फाइल बघितली नाही. विचारलं, “पडल्यावर ऐकू येतं का तुम्हाला?”

मी रडायलाच लागले. हे म्हणाले, “समदं ऐकू येतंय तिला. म्हशीचं सुद्धा.”

“आणि हसल्यावर पडता?”

“हो.”

“म्हंजी माह्यामुळंच पडायली म्हना की,” हे म्हणाले. इतक्या महिन्यांनी ह्यांच्या तोंडून काहीतरी निघालं आणि मी हसले, आणि डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीतच मान टाकली. त्या चटकन उठल्या. छोटी हातोडी घेऊन माझ्या गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. परत मारली. ह्यांना म्हणाल्या, “बघा, एरवी इथं मारलं की पाय उडतो, आता उडत नाहीये. ही फिट नाही. ह्या पूर्ण जाग्या आहेत.” मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाल्या, “ताई, घाबरू नका, मला माहीत आहे तुम्ही ऐकताय.”

इतक्या वर्षांत पडलेल्या मला उद्देशून कुणी माणूस म्हणून बोललं ते तेव्हा पहिल्यांदा. नाहीतर एकतर चप्पल नाहीतर उदबत्ती.

त्यांनी समजावलं ते मला उमजलं तसं लिहिते. माणसाला जागं ठेवणारं एक रसायन मेंदूत असतं, ते माझ्यात जवळजवळ संपलंय. म्हणून झोप आणि जाग यांच्यातलं दार नीट लागत नाही. स्वप्न पडताना आपलं अंग लुळं असतं, म्हणून आपण स्वप्नात पळतो तरी अंथरुणातच राहतो. माझ्यात ते लुळेपण जागेपणी, हसताना घुसतं. वेड नाही, फिट नाही, कुणाची नजर नाही. पूर्ण बरं होत नाही, पण आवरता येतं.

झोपायचं काम

खात्रीसाठी संभाजीनगरला पाठवलं. डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा लावून एक रात्र झोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतरानं परत परत झोपायला लावतात. सिस्टर यायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, “ताई, झोपा आता.” थोड्या वेळानं येऊन, “ताई, उठा.” जन्मभर मला कुणी झोपा म्हणालं नव्हतं. मी प्रत्येक वेळी लगेच झोपले आणि लगेच स्वप्नात गेले. ह्यांनी सिस्टरला विचारलं, “पास झाली का?” सिस्टर हसली. मी मान धरून ठेवली.

परत येताना रेल्वेत खिडकीशी बसून माझ्या मनात एकच चाललं होतं. हा एक प्रश्न कुणी दोन वर्षं आधी विचारला असता तर. फार नाही, दोनच वर्षं. शिवकन्या ह्याच गाडीनं परभणीला जात-येत असती. मला नाव मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्या आनंदाला तोंड वर काढता येईना.

आता कसं चाललंय

सकाळी एक गोळी जागं राहायला, आणि एक पडणं आवरायला. शाळेत मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं थोडा वेळ झोपते, तिसरीचीच एक मुलगी दाराशी पहारा देते. चुलीशी, विहिरीशी एकटी जात नाही. हे आता नक्कल करायच्या आधी माझा कोपर धरतात. कोपर धरला की आता काहीतरी येणार हे कळतं आणि मला आधीच हसू येतं, त्यामुळे पूर्वीइतकी चांगली नक्कल करावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या घरात कुणी असं पडलं तर चप्पल, कांदा काही नको. डोकं आपटणार नाही असं धरा, आणि ते ऐकताहेत हे लक्षात ठेवून बोला. आणि काही विचारू नका.

अक्का

घरात सगळ्यांना सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि मंगळवारच्या बायकांना त्या स्वतःच परत पाठवायला लागल्या. भाऊजी ‘बरं झालं निदान झालं’ म्हणाले आणि शेतात गेले. अक्कांना मी त्या एकट्या असताना गाठलं. त्या तूर निवडत होत्या.

“म्हंजी देवी न्हवती?”

“नव्हती, अक्का.”

“मंग मान कामून हलली?”

“मानेतला जोर गेला होता. पडली ती. हलली नाही.”

त्या बराच वेळ खडे काढत राहिल्या. खडे नव्हते त्या तुरीतही हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “शिवकन्येला हे सांगू नकोस.”

“का?”

“देवीनं दिलं म्हनून नांदायली ती. तिचा तेवढाच आधार हाय.”

मी त्यांना शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यांचं चूक होतं असंही मला म्हणवेना. एका पोरीचा सगळा संसार माझ्या लटक्या मानेवर उभा आहे, हे तिला सांगून मी तिला काय देणार होते? आणि न सांगता तिच्याशी कोणत्या तोंडानं बोलणार होते?

पंचमी

नागपंचमीला शिवकन्या माहेरी आली. कडेवर लेकरू. कडुलिंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या पोरी खेळत होत्या. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी माझी गोळी घेतली, ते तिनं बघितलं.

“काकू, आई म्हनली तुमची बिमारी कळली म्हनून. कशाची गोळी हाय ही?”

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. नार्कोलेप्सी, गुडघ्यावरची हातोडी, भीतीनंही मान पडते ते. अष्टमीचं नाव काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही.

ती लेकराला थोपटत होती. म्हणाली, “मला म्हाईत व्हतं.”

“काय?”

“देवी न्हाई ते. तुमी माह्याकडं बगितलं ना, तवाच. मला गनित चुकल्यावर बगायच्या तसंच बगितलं. देवी कशाला तसं बगन?”

“मग बोलली का नाहीस गं?”

“काय बोलू? आमचंच ठरलं व्हतं, आईचं अन् माहं, गयाबाई म्हशीचं इचारायल्या तवा दाराशी. आई म्हनली, तुझ्या बापाला मी न्हाई आडवू शकत. पर देवीआई न्हाई म्हनली तर बाप गप बसन. म्हनून तिनं इचारलं. न्हाई म्हनावं म्हनूनच इचारलं काकू. मंग मान पडली. आई लय रडली त्या दिवशी. म्हनली, देवी बी बापाच्याच बाजूची निघाली.”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. सांगू नकोस म्हणणारी बाई स्वतःसाठी आधार मागत होती, आणि मला ते कळलं नव्हतं.

झोक्यावरच्या पोरी खिदळत होत्या. लेकराला झोप लागली, तसं तिनं ते माझ्या मांडीवर दिलं आणि पदर सारखा केला.

“काकू, खरं सांगा. त्या येळेला ही गोळी आसती, तर तुमी काय म्हनल्या असत्या?”

“नाही म्हटलं असतं,” मी म्हणाले. “पण गोळी असती तर मी पडले नसते शिवकन्या, आणि मला कुणी विचारलंच नसतं.”